पांढऱ्या दोरीची चुंबळ

बा, तुझी एक गाठ मी सोडली. आशागडच्या भातगिरणीच्या इंजिनावर, धुराच्या नळाला तू बांधली होतीस ती. अख्खी दुपार गेली. तुला वाटेल, पोरीला एवढ्या वर्षांनी बाप आठवला तो गाठ सोडण्यापुरता. तसं नाही रे. तू मला रोज आठवतोस, आणि हल्ली रागानेच जास्त. म्हणून म्हटलं, काय ते एकदा तोंडावर बोलून टाकावं. तोंड तर आता कुठलं, कागद आहे.

आधी मी काय करते ते सांगते, कारण तू गेलास तेव्हा मी शाळेत होते आणि तुझ्या मनात मला नर्स करायचं होतं. ते काही झालं नाही. तळासरीला हायवेच्या कडेला एक शेड आहे, तिथे मी कामाला आहे. नुसती कामाला नाही, तिथली फवाऱ्याची गन माझ्या हातात असते आणि माझ्याशिवाय कोणी तिला शिवत नाही. शेठ गुजराती, माणूस वाईट नाही, पण त्याला सगळं काल हवं असतं. आणि ऐकून हसशील, काम तुझंच आहे. इंजिनातला जाळ ज्या नळातून बाहेर पडतो तो नळ तापतो, आजूबाजूचं सगळं भाजून काढतो. तू त्याला बाहेरून दोरी गुंडाळायचास. आम्ही त्याच्यावर सिरॅमिकचा लेप देतो, चिनीमातीच्या जातीचा, नखाएवढाही जाड नाही, आणि उष्णता आतल्या आत राहून धुराबरोबर निघून जाते. मुंबईची, सुरतेची हौशी पोरं त्यांच्या गाड्यांचे हेडर घेऊन येतात. हेडर म्हणजे इंजिनातून निघून पुढे एकात एक मिळणारे नळ. कोणी टर्बो आणतं. तो त्याच धुराच्या जोरावर फिरणारा पंखा असतो, आणि जोरात पळवली गाडी तर त्याचं लोखंडी घर लालभडक होतं. आधी भट्टीत घालून त्यातलं तेल जाळायचं, मग बंद पेटीत खड्यांचा मारा करून लोखंड कोरं करायचं. त्यानंतर उघड्या हाताने शिवायचं नाही, बोटाचा घाम लागला तरी लेप तिथूनच सुटतो. मग फवारा, मग परत भट्टी. आणि या सगळ्यात तोंडावर मास्क, दोन्ही गालांवर दोन डबे लावलेला. शेडमधल्या कोणाला मी मास्कशिवाय पेटीजवळ फिरकू देत नाही. माझ्या मागे मला मास्तरीण म्हणतात. म्हणू देत मेले.

तुला मास्क कोणी दिला नाही. तू डहाणूच्या ठेकेदाराकडे होतास. बर्फाचे कारखाने, भातगिरण्या, बंदरातल्या बोटी, जिथे डिझेलचं इंजिन धडधडतंय तिथे तू खांद्यावर दोरीचं भेंडोळं घेऊन हजर. लोक तुला दोरीवाला म्हणायचे. ॲस्बेस्टॉसची दोरी ती, पण हे नाव आपल्या घरात कोणाच्या जिभेला वळायचं नाही, आपण तिला पांढरी दोरी म्हणायचो. दिसायला कापसासारखी, हाताला उबदार. तू डावखुरा. शेवटी जी गाठ मारायचास ती छपराचे वासे बांधायची, पाड्यात पोराटोरांना येते तीच, पण तुझ्या डाव्या हाताने ती उलटी पडायची आणि दुसऱ्या कोणाला सुटायची नाही. ठेकेदार म्हणायचा, इंजिन भंगारात जाईल, पण दोरीवाल्याची गाठ नाय सुटायची. तू हे घरी येऊन आयला सांगायचास, आणि आय भाकरी उलटता उलटता ‘हो का’ म्हणायची, पण तिच्या तोंडावर पुरता आनंद दिसायचा.

उरलेले तुकडे तू घरी आणायचास. त्यातनंच तू आयला चुंबळ करून दिलीस. बाकीच्या बायकांच्या डोक्यावर जुन्या लुगड्याची चिंधी पिळून केलेली चुंबळ, ती भिजायची, कुजायची, केसांना आंबूस वास यायचा. तुझी चुंबळ जाड, मऊ, हंडा तिच्यावर असा बसायचा की आय हात सोडून टेकाड चढायची. विहिरीवर सगळ्यांनी ती हातात घेऊन पाहिली. मावशीने मागितली तेव्हा आय म्हणाली, ‘माझ्या नवऱ्यानं माझ्यासाठी केलीय. तुझ्याला सांग तुझ्यासाठी करायला.’ सख्ख्या बहिणी, पण मावशीने वर्षभर अबोला धरला. तू म्हणालास, अगं देतो की तिलापण एक करून, त्यात काय. तर आयने दोन दिवस जेवण सोडलं. तेवढ्या मत्सरापायी मावशी वाचली बघ. आजही लाकडाची मोळी घेऊन डोंगर उतरते, म्हातारी, आणि मध्ये कुठे टेकत नाही.

माझ्यासाठीही तू एक छोटी केलीस. मला ती आवडायची नाही. मानेला खाज सुटायची, केसात कुसं अडकल्यासारखी वाटायची. आता तो दिवस मला समोर दिसतोय. आय चुलीपुढे बसून नागलीच्या भाकऱ्या थापते आहे, तू ओट्यावर विडी ओढतो आहेस, आणि मी कोणाचं लक्ष नाही असं बघून माझी चुंबळ चुलीत टाकते. आयच्या नजरेतून काय सुटतं! पाठीत असा धपाटा बसला की डोळ्यांत पाणी आलं. ‘मेले, बापानं हौसेनं केलेली, नि जाळतेस?’ तू आत आलास. चिमट्याने चुंबळ बाहेर काढलीस. मला वाटलं आता कोळसाच निघणार. तू तिच्यावर जोरात फुंकर मारलीस, चुलीची राख आपल्या तिघांच्या तोंडावर उडाली, आणि खालून चुंबळ निघाली पांढरी ती पांढरीच. तू एवढा हसलास, एवढा हसलास की तुला खोकल्याची उबळ आली. ‘बाय, माझं काम तुझ्या आगीनं जळायचं नाय,’ म्हणालास. ती गार झाल्यावर माझ्या डोक्यावर ठेवलीस आणि मग हसू आवरून म्हणालास, ‘दिलेली वस्तू टाकू नये. देणाऱ्याला लागतं ते.’ तू मला कधी मारलं नाहीस, म्हणून तुझं हे बोलणंच मला मारासारखं लागलं. पुढे त्या छोट्या चुंबळीवर आय भाताचा गरम टोप ठेवायला लागली. ती झिजत झिजत कधी संपली कोणाला कळलंही नाही. कुठे संपली ते मला आता कळतं. आपल्याच घरात, आपल्याच श्वासात.

तुझा खोकला आधी विडीचा होता, मग ताडीचा, मग टीबीचा, मग कोणाच्या तरी नजरेचा. टीबीच्या गोळ्या झाल्या, भगताचा अंगारा झाला, कोंबडं झालं. तू ओट्यावर गुडघ्यांवर हात टेकून पुढे वाकून बसायचास आणि प्रत्येक श्वास ओढून आणायचास. शेवटी शेवटी तुला दोरीचं भेंडोळं उचलवत नव्हतं, तर आय ते तुझ्याबरोबर रस्त्यापर्यंत घेऊन यायची. डोक्यावर, त्याच चुंबळीवर, आणखी कशावर. तू गेल्यावर तिने ती चुंबळ वापरणं सोडलं नाही, उलट जास्तच जपली. पाड्यात नळ आला तरी ती चुलीच्या वरच्या खुंटीवर असायची, आणि आजारी पडल्यावर आयने ती उशाशी घेतली. पडल्या पडल्या बोटांनी गाठ चाचपत राहायची, लोक माळ ओढतात तशी.

आयला धाप लागायला लागली तेव्हा मला वाटलं, वय झालं. मग छातीत पाणी झालं. वलसाडला मोठ्या दवाखान्यात नेलं, पाणी काढलं, तुकडा तपासायला पाठवला. डॉक्टरने विचारलं, ‘आजी, कधी कारखान्यात होतात का? पत्रे कापायचं काम वगैरे?’ आय म्हणते, ‘मी कुठली कारखान्यात! मी पाणी वाहिलं नि पोर वाढवली.’ डॉक्टरने विचारलं, नवरा काय करायचा? आणि बा, तेवढ्या धापेतही आय उठून बसली. ‘दोरी बांधायचा. इंजिनाला. त्याच्यासारखा कारागीर डहाणूत नव्हता.’ डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. आमच्या लेपाच्या डब्यावर ‘ॲस्बेस्टॉस नाही’ असं छापलेलं असतं, मी ते रोज वाचते, आणि का छापतात तेही मला ठाऊक आहे; पण आपली पांढरी दोरी म्हणजे तेच, हे त्या घटकेपर्यंत मी कधी जुळवलं नव्हतं. बाहेर बोलावून डॉक्टरने सांगितलं की ही धूळ तीस-चाळीस वर्षं फुप्फुसाच्या पापुद्र्यात गप्प बसते आणि मग एक दिवस उठते. उपाय फारसा नाही. माझ्या डोळ्यांसमोर दुसरं काही आलं नाही, आयच्या डोक्यावरची चुंबळच आली.

रिक्षात आयने विचारलं, ‘काय बोलला डॉक्टर? कशानं झालं?’ मी म्हटलं, ‘धुरानं.’ ‘कसल्या धुरानं?’ ‘चुलीच्या.’ दुसरं काय सांगू? तुझ्या नवऱ्याने प्रेमाने केलेल्या वस्तूने तुला खाल्लं, असं सांगू? तिने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, ‘म्हंजे माझ्याच चुलीनं खाल्लं मला.’ आणि थोड्या वेळाने, ‘तो असता तर चुलीला कायतरी केलं असतं त्यानं. त्याला जाळ बांधता यायचा.’ मी रिक्षावाल्याला थांबायला सांगून खाली उतरले आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिले. त्याला वाटलं मला उलटी होतेय. बा, त्या क्षणी तू समोर असतास ना, तर मी तुझी गचांडी धरली असती.

तेव्हापासून ती चुंबळ घराबाहेर काढायचं माझ्या डोक्यात बसलं. आता काढून काय फरक पडणार होता? आयला काही नाही. पण ती बोटाने गाठ चाचपायची, दोरीचा भुगा उशीवर पडायचा, मावशी तिची उशी झटकायची, घरी गेले की मी तिच्या शेजारी झोपायचे. मागितली तर आय देईना. धुऊन आणते म्हटलं, तर म्हणे, ‘आगीत धुतात ती. चूल पेटव.’ ओढून घ्यायची म्हणजे कारण सांगायला हवं. कारण सांगायचं म्हणजे तुला तिच्यापासून ओढून घ्यायचं. ती मरायला टेकलेली, तिच्याकडे दुसरं होतं काय?

आणि अशात आशागडच्या भातगिरणीवाल्याचा मुलगा आला. मागे त्याच्या जीपचा हेडर मी लेपून दिला होता, तो त्याला आवडला. आता घरच्या गिरणीचं जुनं इंजिन, वीज गेली की चालवतात ते, त्याचा धुराचा नळ घेऊन आला. ‘वरची दोरी झडायला लागलीय. काढा नि तुमचा लेप मारा.’ टेम्पोतून नळ उतरवला आणि मी हातातली गन खाली ठेवली. काळी पडलेली, तेल प्यायलेली, पण दोरी तीच, आणि टोकाला उलटी पडलेली गाठ. शेठ म्हणतो, ‘आ दोरडुं काढीने नाखी दे पेटीमां.’ म्हणजे दोरी ओढून काढ नि नळ घाल खड्यांच्या पेटीत. त्याचा हात पुढे जाताना पाहिला आणि मी केवढ्याने ओरडले म्हणून सांगू! ‘शेठ, हात लावाल तर बघा!’ शेडमधलं सगळं काम थांबलं. शेठ बिचारा दोन पावलं मागे सरला. मी त्याला सांगितलं ती काय आहे. तो म्हणाला, मग परत पाठव. मी म्हटलं, परत पाठवली तर गिरणीत कोणीतरी कोयत्याने कापेल आणि शेणाच्या खड्ड्यात टाकेल. मीच काढते. साबणाच्या पाण्याने भिजवून, धूळ उडू न देता, आणि आपला रंगाचा विषारी गाळ न्यायला जी गाडी येते तिच्याकडे देते. ‘तारे शुं पडी छे?’ म्हणाला. तुला काय पडलंय एवढं? मी म्हटलं, माझ्या बापाची आहे.

ती गिरणी मला चांगली आठवते. सुट्टीत मी तुझं जेवण घेऊन आले होते. तू दोरी कापत होतास आणि तोंडाला पंचा घट्ट बांधलेला. ‘बा, तोंड कशाला बांधलं?’ तू म्हणालास, ‘धूळ खोकला आणते बाय. तू लांब बस, तिकडं चिंचेखाली.’ मी लांब बसले. हे सगळं मला शेडमागे प्लास्टिक अंथरून, मास्क लावून, नळावर पाणी फवारताना आठवलं, आणि हातातला पंप तसाच राहिला. म्हणजे तुला माहीत होतं. पोरीला लांब बसवण्याएवढं माहीत होतं. मग त्याच संध्याकाळी तोच पंचा तू अंगणात का झटकलास? आयने तो हाताने चोळून का धुतला? तुकडे घरी का आणलेस? बोल ना. किती वेळा मीच तुझा वकील होते. म्हणते, तुला वाटलं असेल कापताना उडते तेवढीच धूळ वाईट, एकदा वळून गाठ मारली की दोरी गुणी. म्हणते, ठेकेदाराने सांगितलं नसेल, सांगणाऱ्याला तरी कुठे ठाऊक होतं. सगळं पटतं. आणि मग आयची धाप ऐकू येते आणि काहीही पटत नाही.

गाठ कापून टाकता आली असती. मी सोडवली. ओल्या दोरीत लाकडाची काडी घालून, एक एक वेढा सैल करत. तुझा डावा हात कुठून आला, अंगठा कुठे दाबलास, टोक कशाखाली घातलंस, सगळं उलट्या क्रमाने माझ्या हातात येत गेलं. लहानपणी मी किती प्रयत्न केले होते, तू दाखवायचास आणि हसायचास, मला कधी जमली नाही. शेवटचा वेढा सुटला तेव्हा मला ती बांधता येईल हे कळलं होतं. त्याच वेळी काय करायचं तेही कळलं.

डहाणूच्या बाजारातून जाड सुती दोरी आणली. जुनी वाटावी म्हणून चहाच्या पाण्यात उकळली, काजळी लावली, तेलाच्या हाताने मळली. तळासरीच्या खोलीवर बसून चुंबळ वळली आणि डाव्या हाताने तुझी गाठ मारली. रविवारी पाड्यात गेले. दुपारी आयचा डोळा लागल्यावर उशाशी ती ठेवली आणि तुझी ओल्या फडक्यात गुंडाळून रिकाम्या डब्यात घातली, झाकणाला टेप मारली. मग बसून राहिले. आय जागी झाली. हात उशाशी गेला. बोटं दोरीवरून फिरली आणि थांबली. बोटं गाठीवर गेली, वळली, परत आली. ‘बघ,’ ती म्हणाली, ‘एवढी वर्षं झाली, पण त्याची गाठ काय हालली नाय.’ मी म्हटलं, ‘हो ना.’ मग श्वास गोळा करून म्हणाली, ‘माझ्यासंगं चितेवर ठेव. मी जळेन, ही राहील. राख सावडायला जाशील तेव्हा उचल नि तू घे. तुझ्याकडं त्याचं कायतरी असू दे.’

तिसऱ्याच आठवड्यात ती गेली. चुंबळ मी तिच्या डोक्याखाली ठेवली, सगळ्यांच्या देखत. पाड्यात सगळ्यांना ठाऊक होतं, आय वर्षानुवर्षं सांगत आली होती की माझी चुंबळ चितेतून पांढरी निघेल, बघा. म्हणून राख सावडायला नेहमीपेक्षा जास्त माणसं आली. मावशी काठीने राख उकरत होती. डोक्याच्या जागी, खांद्याच्या जागी, मग सगळीकडे. हाडं निघाली, चुंबळ नाही. मी मान खाली घालून पाणी शिंपडत राहिले. शेवटी मावशी काठी टाकून मटकन खाली बसली आणि हसत होती की रडत होती देव जाणे. ‘जीती होती तवा मला दिली नाय,’ म्हणाली, ‘नि आता तुला पण नाय दिली. संगं घेऊन गेली बया.’ सगळ्यांना ते पटलं. कोणीतरी म्हणालं, तो आला असेल न्यायला.

गिरणीचा नळ लेप देऊन परत गेला. छान झाला, राखाडी, गुळगुळीत. गिरणीवाल्याचा मुलगा म्हणाला की आता इंजिनाच्या खोलीत उभं राहवतं. त्यावरची तुझी दोरी गाडीवाल्याने नेली, दुहेरी पिशवीत, शिक्का मारून. तुझं एक काम या जगातून नीट, कोणाला न बाधता गेलं, एवढं तरी मी केलं. माझी छाती तपासून घ्यायला डॉक्टरने सांगितलंय. जाईन. लहानपणी मी टाकायला बघत होते तीच गोष्ट शहाणपणाची होती हे मात्र तुला कबूल करावं लागेल, बा.

हे पत्र डब्यात ठेवावं असं मनात आलं होतं, पण डबा आता उघडायचा नाही, आणि कागद तसाही तुझ्यापर्यंत येणार नाही. डबा शेडमधल्या माझ्या कपाटात आहे, मास्कच्या मागे. परवा गाडी आली तेव्हा शेठने गाळाची पिंपं मोजली आणि मला विचारलं, ‘बस, एटलुंज?’ मी म्हटलं, एवढंच. पुढच्या फेरीला डबा देईन असं मी स्वतःला सांगितलंय. मागच्या फेरीलाही हेच सांगितलं होतं.